कोटाचा घेर

६ नोव्हेंबर

थोरले,

नमस्कार. पाकीट बघून अक्का घाबरतील, म्हणून पहिल्याच ओळीत लिहितो की इकडे कुणालाही काही झालेलं नाही. फोन का केला नाही, असं तुम्ही विचाराल. फोनवर तुम्ही बोलता, मी 'हो, हो' म्हणतो, आणि ठेवल्यावर मला आठवतं की मला काय बोलायचं होतं. शिवाय आमची ही शेजारीच उभी असते. पत्रात मला मध्येच कुणी थांबवत नाही. चौथीत शाळा सुटलेल्या शिंप्याचं पत्र आहे, तेव्हा कचेरीतल्यासारख्या लाल पेनाने खुणा न करता वाचा.

तुमचा फोटो मिळाला. बागेतल्या बाकाजवळ उभे आहात, पोट कुठे गेलं ते दिसत नाही, आणि पॅन्ट पट्ट्याखाली गोळा झाली आहे. हिने फोटो हातात घेतला आणि म्हणाली, "अगं बाई! थोरले जावई तर लग्नात दिसत होते तसे दिसायला लागले!" मग तो फोटो तिने फ्रिजच्या दारावर चिकटवला. आता मी दूध काढायला गेलो की तुम्ही माझ्याकडे बघता. पाण्याची बाटली ठेवायला गेलो की बघता. काल मी त्यावर भाजीवाल्याची पिशवी अडकवून ठेवली, तर हिने ती काढून खुंटीला लावली.

वाटलं होतं, निदान या वयात तरी आपल्या दोघा साडूंची तुलना संपेल. सासूबाई होत्या तेव्हा पहिलं ताट थोरल्या जावयाचं. माझ्यापुढे यायचं ते तळाचं आणि गार. मी तक्रार करत नाही. आठवलं म्हणून लिहिलं.

आता ही मला भात असा वाढते की चिमणीला घातलाय. पुन्हा मागितला तर फ्रिजकडे बोट दाखवते. आज मी चिडून म्हटलं, "तो माणूस खातो तरी काय, ते विचारलंस का?" तर म्हणाली, "तुम्हाला एवढी खाज आहे तर तुम्हीच विचारा." म्हणून विचारतो. काय खाता? आणि डॉक्टरला विचारून खाता ना? या वयात भलतंसलतं काही करू नका. अक्कांना नमस्कार. बाहेर जाताना गॅस बघून जात जा.

धाकटा

१५ नोव्हेंबर

धाकटे,

तुमचं पत्र वाचून करमणूक झाली. गॅस बंद आहे.

काय खातो असं विचारलंत, त्यापेक्षा काय खात नाही असं विचारा. मोबाइलवर एक आहारगुरू आहेत, लांब दाढी, आवाज असा की ऐकतच राहावं. त्यांचं म्हणणं सरळ आहे. पांढरं ते सगळं विष. भात, साखर, पाव, दूध, दही, सगळं मी बंद केलं. मग त्यांचा दुसरा टप्पा आला, त्यात धान्य आणि डाळी गेल्या. आता सकाळी हिरवा रस, दुपारी कच्च्या भाज्या, आणि ऊन उतरलं की तोंडाला कुलूप. सुरुवातीला डोकं दुखतं. गुरुजी म्हणतात, ती शरीरातली घाण बाहेर पडत असते. अक्का कुरकुर करते, पण बायका अशा बाबतीत कुरकुर करणारच. तिला मी सांगितलं, "तू तुझं कर, माझं मी बघतो." आता ती एकटी जेवते. मी समोर बसून वर्तमानपत्र वाचतो.

कामाचं लिहितो. आमच्या निवृत्त अधिकाऱ्यांचा मेळावा जानेवारीच्या शेवटी आहे, आणि मला 'सत्तरीतलं नवं शरीर' या विषयावर बोलायला सांगितलं आहे. व्यासपीठावर, माइकसमोर. मी साहेब झालो तेव्हा तुम्ही शिवलेला तो राखाडी कोट अजून आहे, पण आता तो माझ्या अंगावर गोणपाटासारखा लोंबतो. पार्सलने पाठवतो आहे. कमरेचं नवं माप सोबतच्या चिठ्ठीवर आहे. मी स्वतः आरशासमोर उभा राहून घेतलं आहे. तेवढं आत घ्या.

आणि धाकटे, रागावू नका, पण तुम्हीही सुरू करा. मागच्या वर्षी तुमच्याकडे आलो होतो तेव्हा मला कळेना, तुम्ही मशीनवर बसता की मशीनला टेकता!

थोरला

२८ नोव्हेंबर

थोरले,

कोट पोचला. खोक्यातून काढला तेव्हा आधी ओळख पटली नाही, मग आतल्या खिशाची शिवण बघितली आणि पटली. तेव्हा माझे डोळे चांगले होते.

मी तो हँगरला अडकवून दुकानाच्या खोलीत दाराला टांगला. ही चहा घेऊन आली आणि कपबशी टेबलावर ठेवून कोटाच्या कॉलरवरचे दोरे वेचायला लागली. बाहीवरून हात फिरवला, खांदे झटकले. म्हणाली, "मेळाव्याला आपणही जाऊ या. थोरले बोलणार म्हणजे ऐकण्यासारखं असेल." माझ्या अंगातल्या सदऱ्याचं वरून दुसरं बटण कधीचं तुटलंय. शिंपी आहे म्हणून ते मीच लावायचं. चहा गार झाला.

तुम्ही म्हणालात म्हणून मीही सुरू केलं होतं. लपवत नाही. पालक आणि काकडीचा रस हिने मोठ्या हौसेने काढून दिला. पहिल्या दिवशी मला वाटलं, आपणही करू शकतो, त्यात काय एवढं. दुसऱ्या दिवशी दुकानात गिऱ्हाईक बोलत होतं आणि मला त्याचे नुसते ओठ हलताना दिसत होते. तिसऱ्या दिवशी मी एका बाईंच्या ब्लाउजला डावी बाही उजवीकडे लावली. इतक्या वर्षांत असं झालं नव्हतं. त्या बाई काचेसमोर उभ्या राहून म्हणाल्या, "मास्तर, माझा हात उलटा आहे की तुमचं डोकं?" ही आतून हसली. त्या दुपारी मी डाळ-भात, भाजी, दही, सगळं पोटभर जेवलो आणि बाही उसवून पुन्हा लावली. ही म्हणाली, "थोरल्यांना जमतं, तुम्हाला नाही जमत." तुम्हाला सगळंच जमतं. हे मला माहीत आहे, ते सारखं ऐकायला लागू नये एवढंच.

एक विचारायचं आहे. माप घेताना पोट आत ओढलं नव्हतं ना? गिऱ्हाईक माप देताना हमखास श्वास ओढून धरतं. म्हणून मी सगळ्यांना सांगतो, घरून जेवून या, मग टेप लावतो. आणि चिठ्ठीवरचं माप बघून मला जरा भीती वाटली. इतकं बारीक होणं बरं आहे का? काही असो. तुम्ही साहेब आहात, तुम्ही लिहिलंय ते बरोबरच असेल.

धाकटा

१० डिसेंबर

थोरले,

कोट आज पार्सलने पाठवला. अस्तर उसवून घेर आत घेतला आहे. माप तुम्ही दिलं तेच घेतलं. अगदी तेच. चिठ्ठी समोर ठेवून काम केलं. तेव्हा बसला नाही तर कोटाला नाव ठेवू नका, मी तीन वेळा टेप लावून बघितला आहे. कापडही जुनं आहे, त्याचा दोष नाही. माझाही नाही.

घाईत आहे. अक्कांना नमस्कार.

धाकटा

१९ डिसेंबर

धाकटे,

कोट मिळाला. बटण लागत नाही.

थोडंथोडकं अंतर राहिलं असतं तर मी श्वास ओढून लावलं असतं. चांगली चार बोटं उरतात. आरशात बघताना मला घाम फुटला. इतके दिवस तोंडाला कुलूप लावून बसलो ते कशासाठी? अक्का म्हणाली, "कोटच चुकला असेल." मी तिला म्हटलं, "तुझी बहीण चुकेल, मी चुकेन, पण धाकट्यांचा टेप चुकत नाही. त्यांच्या लग्नात मी घातलेला सदरा त्यांनी नुसता नजरेने मापून शिवला होता." खरं आहे ना ते? म्हणून मी कोटावर शंका घेतली नाही. स्वतःवर घेतली.

गुरुजींना मोबाइलवरून विचारलं. त्यांच्या माणसाचं उत्तर आलं, की जुनी चरबी जाताना सुजते, हे चांगलं लक्षण आहे, आता ढिलाई नको. फळं बंद. मीठ तर पूर्ण बंद, कारण तेही पांढरंच. फक्त हिरवा रस, आणि पाणी भरपूर. आजपासून तेच चाललंय. मेळाव्याला अजून वेळ आहे. हा कोट मी घालणारच.

जिना चढताना जरा गरगरतं. अक्काने हे तुमच्या हिला फोनवर सांगितलं असेल, पण काळजीचं कारण नाही.

थोरला

२३ डिसेंबर

थोरले,

तुमचं पत्र वाचल्यापासून माझं कशात लक्ष नाही. दुकानाचं दार उघडं टाकून गल्लीत निघालो, मग अर्ध्या वाटेतून परत आलो.

हे ऐका. कोट परत पाठवा. लोकरीचं कापड वाफेने आटतं. मी इस्त्री जास्त गरम लावली असेन. पार्सलमध्ये दमट झालं असेल, त्यानेही आटतं. माझा टेपसुद्धा जुना आहे, जुना टेप ताणला जातो. म्हातारा माणूस आहे, नजर गेली, चूक झाली असेल. तुम्ही सुजलेले नाही. लगेच पाठवा, तो येईल त्याच दिवशी सैल करून देतो.

आणि मीठ सुरू करा. जेवायला बसा. गल्लीच्या टोकाला ज्या डॉक्टरीणबाई बसतात ना, त्यांच्याकडे मी आज मुद्दाम गेलो. त्यांना सगळं सांगितलं, तुमचं नाव न घेता. त्या म्हणाल्या, "आजोबा, कुणी एकच गोष्ट खा म्हणालं किंवा सगळंच सोडा म्हणालं, तर तिथून उठून यायचं." म्हणाल्या, भात थोडा, डाळ, भाजी भरपूर, दही, एखादं फळ, जमलं तर अंडं. गोड कमी, मीठ बेताचं, पण बंद नाही. आणि संध्याकाळी चालायला जा. मी म्हटलं, "एवढंच?" त्या म्हणाल्या, "एवढंच. हे ऐकायला कुणाला आवडत नाही, कारण यात नवीन काही नाही." आमची ही आयुष्यभर हेच वाढत आली आहे आणि मी कधी त्याला नावही दिलं नाही. अक्काही तेच करतात. त्यांनी वाढलेलं खा हो.

कोट पाठवा. पत्र मिळाल्याबरोबर पाठवा.

धाकटा

३० डिसेंबर

धाकटे,

आता पुरे.

आधी कोट तुम्ही तीन वेळा मापला होता. आता इस्त्री गरम होती, कापड आटलं, टेप ताणला गेला, नजर गेली! एका पत्रात किती बहाणे. मी काय दूधखुळा आहे? सरळ बोला ना. तुमच्याच्याने तीन दिवस रस पिणं झालं नाही, म्हणून मी बारीक झालेला तुम्हाला बघवत नाही. तुमच्या पोटात दुखतंय. माझा फोटो तुमच्या फ्रिजवर लागला हे तुम्ही पहिल्याच पत्रात लिहिलंत, मी तेव्हाच ओळखलं होतं. मी पुन्हा भात खायला लागावा, सुटावा, आणि व्यासपीठावर ढेरी घेऊन उभा राहावा, म्हणजे तुम्ही पुढच्या रांगेत बसून हसाल.

कोट पाठवणार नाही. तो सैल होणार नाही, मी बारीक होईन. तुमच्या डॉक्टरीणबाईंना माझा नमस्कार सांगा.

थोरला

६ जानेवारी

धाकटे भाऊजी यांस,

अक्काचा नमस्कार. फोनवर बहिणीला सांगणार होते, पण फोन धरला की मला रडू येतं आणि ती घाबरते, म्हणून लिहिते.

हे परवा पडले. सकाळची वेळ. तो कोट घालून कपाटाच्या आरशासमोर उभे होते. मी स्वयंपाकघरातून बघत होते. दोन्ही हातांनी कोटाची टोकं ओढत होते, श्वास कोंडून धरला होता, चेहरा लाल झाला होता. मी म्हटलं, "अहो, राहू द्या." त्यांनी हात वर करून मला गप्प केलं. बटण काजात गेलं. माझ्याकडे वळून हसले, आणि हसता हसताच खाली गेले. कपाळ टेबलाच्या कडेवर आपटलं. मनगट मोडलंय. शुद्धीवर आल्यावर मला ओळखेनात, मला ताई म्हणायला लागले. दवाखान्यात सांगितलं की रक्तातलं मीठ फार खाली गेलंय, नुसतं पाणी पिऊन आणि काही न खाऊन. आता सलाईन चालू आहे. कालपासून ओळखतात.

पण जेवत नाहीत. दवाखान्यातलं ताट येतं, ते बाजूला सारतात. म्हणतात, "श्वास सोडला की अजून बोटं उरतात, मेळावा झाला की खाईन." डॉक्टर ओरडले, मी हात जोडले. कुणाचं ऐकत नाहीत. तुमच्यावर रागावलेत, हे मला माहीत आहे, पण कोटाच्या बाबतीत हा माणूस शब्द मानतो तो फक्त तुमचाच. तुम्ही काहीतरी लिहा. ते तुमचं पत्र वाचतील.

अक्का

९ जानेवारी

थोरले,

हे पत्र अक्कांनी वाचून दाखवलं तरी चालेल. लपवण्यासारखं आता काही राहिलेलं नाही.

तुम्ही सुजला नव्हता. कोट चुकला नव्हता. मी तो मुद्दाम लहान केला.

त्या दिवशी दुकानात तुमची चिठ्ठी समोर होती. अस्तर उसवलं, खडूने खूण केली. खूण बरोबर होती. तेवढ्यात ही आतून आली, कोटाकडे बघितलं आणि म्हणाली, "तुम्हीही असे असता तर तुम्हालाही शिवला असता की नाही असा कोट?" सहज म्हणाली. मला शिवायला कोण येणार, मीच शिंपी. ती गेली. मी ती खूण हाताने पुसली आणि आणखी आत दुसरी खूण केली. मला तुमचं काही वाईट करायचं नव्हतं हो. एवढंच वाटलं की कोट घालताना तुम्ही एकदा घाबरावं. एकदा तुम्हाला आरशात मी दिसावा. मग तुम्ही म्हणाल, छे, हे सगळं थोतांड आहे, आणि अक्कांनी वाढलेलं जेवायला बसाल, आणि फोटो फ्रिजवरून निघेल. तुम्ही जेवण आणखी कमी कराल, हे माझ्या डोक्यातही आलं नाही. माझं बटण लागलं नसतं तर मी शिंप्याला शिव्या दिल्या असत्या. तुम्ही स्वतःवर शंका घेतलीत. तुम्ही लिहिलंत, 'धाकट्यांचा टेप चुकत नाही.' ते वाक्य वाचल्यापासून मला घास गिळवत नाही.

तेव्हाही खरं लिहायला पाहिजे होतं. लिहिलं नाही. वाफ, इस्त्री, टेप, सगळ्यांवर ढकललं. तुम्हाला डॉक्टरीणबाईंचं खरं सांगितलं तेही खोट्याच्या मागे उभं राहून सांगितलं, मग तुम्ही का ऐकाल? तुम्ही लिहिलंत की माझ्या पोटात दुखतंय. दुखत होतं. अजून थोडं दुखतं. पण जेवणाबद्दल जे लिहिलं ते दुखण्यामुळे लिहिलं नव्हतं, ते खरंच तसं आहे.

हिला काल सगळं सांगितलं. मला वाटलं आरडाओरडा करेल. तिने ताट पूर्ण वाढलं, माझ्यापुढे ठेवलं, आणि दुसऱ्या खोलीत जाऊन बसली. इतके दिवस भात मागत होतो, तो समोर होता, आणि हात पुढे जाईना.

एक सांगतो. कापड मी कापलेलं नाही. कात्री हातात घेतली होती, पण ठेवली. शिवणीच्या आत सगळी माया, म्हणजे जादाचं कापड, तशीच दुमडून ठेवली आहे. दोरा ओढला की घेर मोकळा होईल, जसा होता तसा. तुमचं माप कितीही असू द्या, कोट होईल. त्यासाठी उपाशी राहायची गरज नाही.

जेवा, थोरले. मला शिव्या देण्यासाठी तरी अंगात जोर आणा. उत्तर लिहिलं नाहीत तरी चालेल. नाही, चालणार नाही, पण मी काही म्हणणार नाही.

धाकटा

१६ जानेवारी

अक्का,

थोरल्यांचं उत्तर नाही. जेवतात का, एवढंच एका ओळीत कळवा. फोन वाजला की ही उचलते आणि दुसऱ्या खोलीत जाऊन बोलते, मला सांगत नाही. मी विचारलं तर म्हणते, "तुमचं तुम्ही बघा."

धाकटा

२६ जानेवारी

धाकटे,

डाव्या हाताने लिहितो आहे, अक्षराला हसू नका.

तुमचं पत्र अक्काने वाचून दाखवलं. वाचता वाचता ती थांबली आणि म्हणाली, "पुढचं वाचू का?" मी म्हटलं, "वाच." संपल्यावर मी भिंतीकडे तोंड करून पडलो. एवढा राग मला आयुष्यात कुणाचा आला नव्हता. त्या रागात, संध्याकाळी ताट आलं तेव्हा, मी ते जेवलो. मऊ भात होता, डाळ होती, मीठ घातलेलं होतं. डाळीची चव लागली आणि मला कळलं की मी किती दिवस जेवलो नव्हतो. दोन घास खाल्ल्यावर डोळ्यांतून पाणी यायला लागलं. शेजारच्या खाटेवरचा पेशंट म्हणाला, "साहेब, तिखट आहे का?"

आठवडाभर मी तुम्हाला शिव्यांचं पत्र मनात लिहीत होतो. मग एक गोष्ट मध्ये यायला लागली, म्हणून ते पत्र पुरं होईना. आता सांगूनच टाकतो. माप घेताना मी पोट आत ओढलं होतं. तुम्ही विचारलंत तेव्हा मी उत्तर दिलं नाही. नुसतं ओढलं नव्हतं, टेपवर आलेल्या आकड्यातून दोन बोटं माझ्या पदरची कमी करून लिहिली. तुम्ही ते माप बघावं आणि तुमचा चेहरा पडावा, म्हणून. तुम्ही चिठ्ठीप्रमाणे शिवला असतात तरी तो कोट मला झाला नसता. तुम्ही चार बोटांचे गुन्हेगार नाही. अर्धे माझ्याकडे लावा.

आता हे का, तेही लिहितो. मागच्या वर्षी तुमच्याकडे राहिलो होतो. तुम्ही मशीनवरून उठायचात, हात धुवायचात, ताटात असेल ते खायचात. भाजी आवडली तर 'वा' म्हणायचात. पोट भरलं की ताटावर हात आडवा धरायचात, आणि पुन्हा मशीनवर. दारात गिऱ्हाईक उभं असायचं. मी निवृत्त झाल्यापासून माझ्या दारात कुणी उभं राहिलेलं नाही. परत येताना गाडीत अक्का खिडकीबाहेर बघत म्हणाली, "धाकटे किती सुखाने जेवतात हो." एवढंच. दुसरं काही नाही. ते वाक्य माझ्या डोक्यातून जाईना. मला तसं जेवता येत नव्हतं, म्हणून मी जेवणच सोडलं. त्या दाढीवाल्याला मी नंतर शोधलं.

मेळाव्याला मी जाणार नाही. 'सत्तरीतलं नवं शरीर' या विषयावर दुसरा वक्ता बघा म्हणून कळवलं आहे.

कोट पार्सलने पाठवत नाही. तुम्ही इकडे या. टेप घेऊन या, दोरा ओढा, आणि माझं माप तुमच्या हाताने घ्या. दोघं या. जेवायच्या वेळेला पोचा. अक्का म्हणते, माप जेवण झाल्यावर. आणि पहिलं ताट तुमचं. गरम. मी अक्काला सांगून ठेवलं आहे.

थोरला

३० जानेवारी

थोरले,

रविवारी सकाळी निघतो. टेप नवा घेतला आहे. हिने माझ्या सदऱ्याला बटण लावलं, मी न सांगता. रंग थोडा वेगळा आहे, पण मी ते उसवणार नाही.

तुमचं पत्र मी तिला दोनदा वाचून दाखवलं. गाडीतलं अक्कांचं वाक्य चार वेळा. शेवटी ती म्हणाली, "कळलं, सुखाने जेवता. आता भांडी उचला."

माझा राग आला होता हे लिहिलंत ते बरं केलंत. मला वाटलं होतं, तुम्ही मोठ्या मनाने माफ कराल, आणि मग तेही मला आयुष्यभर ऐकावं लागेल.

फ्रिजवरचा फोटो मी आज काढला. फाडलेला नाही, पाकिटात घालून आणतो आहे, अक्कांकडे राहू द्या. ही विचारत होती, कुठे गेला. मी म्हटलं, पडला असेल कुठेतरी.

जिना सावकाश उतरा. आणि पहिल्या ताटाचं तुम्ही लिहून दिलंय, ते पत्र मी सोबत घेऊन येतो आहे.

धाकटा